एक तह, दोन वाचने

क्रिमियाच्या युद्धाची (१८५३–१८५६) कारणे सांगताना इतिहासग्रंथ बहुधा दोन पायऱ्या करतात. प्रथम बेथलेहेमच्या चर्चच्या किल्ल्यांवरून कॅथलिक व ऑर्थोडॉक्स भिक्षूंमध्ये झालेल्या तंट्याची हकीकत येते. ती काहीशा मिस्कीलपणे सांगून झाली की लेखक गंभीर होतो आणि ‘खऱ्या’ कारणांकडे वळतो: काळ्या समुद्रातून बाहेर पडणाऱ्या सामुद्रधुन्या, ऑटोमन बाजारपेठेतील ब्रिटिश व्यापार, हिंदुस्थानच्या मार्गाची चिंता, तिसऱ्या नेपोलियनला हवी असलेली प्रतिष्ठा. ही कारणे खोटी नव्हेत. परंतु त्यांतील पहिली तीन १८४३ सालीही होतीच, आणि तेव्हा युद्ध झाले नाही. दहा वर्षांनी ते का झाले याचे उत्तर बऱ्याच अंशी एका तहाच्या संहितेत आणि तिच्या भाषांतरांत दडलेले आहे. म्हणूनच हा विषय इतिहासकारांवर सोपवून साहित्याच्या अभ्यासकांनी स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

२१ जुलै १७७४ रोजी कुचुक कैनार्जी येथे झालेला रशिया आणि ऑटोमन साम्राज्य यांच्यातील तह रशियन, तुर्की आणि इटालियन अशा तीन भाषांत सिद्ध झाला. सातव्या कलमात सुलतानाच्या दरबाराने ख्रिस्ती धर्माचे व त्याच्या चर्चांचे रक्षण करण्याचे वचन दिले, आणि कॉन्स्टँटिनोपलमध्ये उभारावयाच्या एका नव्या चर्चबाबत रशियन वकिलांना आपले म्हणणे मांडण्याची मुभा ठेवली. ते चर्च कोठे उभारावयाचे, हे चौदाव्या कलमात सांगितले आहे: गलाता भागात, बेयोलू नावाच्या रस्त्यावर. वचन सुलतानाचे, रशियाला मिळाली ती एका इमारतीपुरती मुभा. अमेरिकन इतिहासकार रॉडरिक डेव्हिसन यांनी १९७६ साली निरनिराळे पाठ शेजारी शेजारी ठेवून दाखविले की, मूळ इटालियन पाठात हे चर्च ‘रशियन-ग्रीक’ आहे. १७७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून निघालेल्या फ्रेंच भाषांतरात मात्र ते नुसतेच ‘ग्रीक’ विधीचे झाले आहे. तुर्की पाठात तर ‘दोसोग्राफा’ असा, कोणत्याच भाषेत अर्थ न लागणारा शब्द आढळतो. तो बहुधा ‘रुसो-ग्रेका’चाच अपभ्रंश असावा. पोथ्यांची पाठचिकित्सा करणाऱ्यांना असे अपपाठ नवे नाहीत. फरक एवढाच की, या पोथीच्या वाचकांजवळ आरमारे होती. युरोपातील दरबारांत फिरली ती फ्रेंच प्रत, आणि १८५४ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवलेले इंग्रजी भाषांतरही तिच्यावरूनच झालेले. एक ‘रशियन’ शब्द गळाला आणि परकीयांचे एक देवालय सबंध ग्रीक पंथाचे प्रतीक बनले. तेथून सुलतानाच्या कोटीभर ऑर्थोडॉक्स प्रजाजनांचे पालकत्व एका पावलावर होते.

ते पाऊल प्रिन्स मेन्शिकॉव्ह याने १८५३ च्या वसंतात टाकले. हे पालकत्व लेखी मान्य करावे, ही त्याची मागणी दरबाराने नाकारली. तो मे महिन्यात परतला आणि जुलैच्या आरंभी रशियन फौजा प्रुथ नदी ओलांडून मोल्डेव्हियात शिरल्या. ‘संरक्षण’ या शब्दात केवढे राज्य सामावते हे मराठी वाचकास समजावून सांगावे लागत नाही; ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांकडून तेच स्वीकारले होते.

यानंतरचे दोन महिने कारणमीमांसेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहेत. ऑस्ट्रिया, फ्रान्स, ब्रिटन व प्रशिया यांच्या प्रतिनिधींनी व्हिएन्ना येथे एक मसुदा तयार केला. त्यात सुलतान ‘ख्रिस्ती धर्माच्या संरक्षणाविषयीच्या’ जुन्या तहांना जागेल, असे म्हटले होते. झार पहिला निकोलस याने तो मसुदा तत्काळ स्वीकारला. ऑटोमन मंत्र्यांनी त्यात मोजके फेरफार सुचविले. त्यांतील कळीचा फेरफार असा की, ‘संरक्षणा’ला कर्ता मिळावा: हे संरक्षण दरबाराने करावयाचे. कर्त्यावाचून लिहिलेल्या त्या नामात दोन्ही पक्षांना आपापला अर्थ भरता येत होता, आणि मुत्सद्द्यांना नेमके तेच हवे होते. झारने फेरफार फेटाळले. सप्टेंबरात रशियन परराष्ट्र खात्याचे त्या मसुद्यावरील विवेचन एका जर्मन वृत्तपत्रात फुटले, आणि झारचा अर्थ व मसुदा लिहिणाऱ्यांचा अर्थ एक नाही हे उघड झाले. लंडन व पॅरिस यांनी मसुद्याचा पाठिंबा काढून घेतला. ४ ऑक्टोबर रोजी ऑटोमन साम्राज्याने युद्ध पुकारले. पुढच्या मार्चअखेर ब्रिटन आणि फ्रान्स त्यात उतरले.

शब्दांचा हा वाद म्हणजे निव्वळ मुखवटा, सत्तेला निमित्त काय कोणतेही पुरते, असा आक्षेप घेतला जाईल. पण निमित्त कोणतेही पुरत असते, तर झारने तो कर्ता खुशाल येऊ द्यावयाचा आणि दुसरे निमित्त शोधावयाचे. तसे त्याने केले नाही. जगापुढे आणि स्वतःच्या प्रजेपुढे जो हक्क त्याने सांगितला होता तो त्या एका वाक्यावर उभा होता. ते वाक्य सोडणे त्याला माघारीइतकेच जड होते. आपल्याकडील न्यायदर्शनाने निमित्ताला कारणाचाच एक प्रकार मानले आहे. मराठीत मात्र ‘निमित्त’ म्हणताच ते खोटे असे गृहीत धरले जाते, आणि इतिहासलेखनातही हीच सवय मुरली आहे.

१८५६ च्या पॅरिस तहाचे लेखक सावध झालेले दिसतात. सुलतानाने ख्रिस्ती प्रजेसाठी काढलेल्या फर्मानाची नोंद घेताना, त्यावरून कोणत्याही सत्तेला हस्तक्षेपाचा अधिकार मिळत नाही, हे त्यांनी नवव्या कलमात स्पष्ट शब्दांत घातले. २१ वर्षांनी, १८७७ च्या एप्रिलमध्ये, रशियन फौजांनी पुन्हा प्रुथ ओलांडली.