बहुउद्देशीय म्हणजे नक्की कुणाचे उद्देश?

जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, आणि तेव्हापासून ऑफिसातल्या प्रत्येक जेवणाच्या टेबलावर एकच रडगाणं ऐकतोय. "आपल्याकडे एक धड इनडोअर एरिना नाही यार!" (तिकिटाच्या ऑनलाइन रांगेत माझा नंबर लाखांत होता, त्यामुळे मी घरीच होतो हे सांगायला नकोच.)

रडगाणं खरं आहे. दुआ लिपा आली ती बीकेसीच्या मैदानात, एड शीरन महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. दर वेळी मोकळ्या जागेत स्टेज शून्यापासून उभं करायचं, दोन दिवसांत मोडायचं, आणि पावसाळ्याचे चार महिने दुकान बंद. वरळीचा एनएससीआय डोम आहे, पण तो या कामाला लहान. म्हणजे एरिना हवा, याबद्दल माझं काहीही भांडण नाही. भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी: "सरकारने एकदाच बांधून टाकावा, पैसे काय, आपोआप वसूल होतील!"

आपोआप? बरं, जरा हिशोब करू.

एरिना म्हणजे नुसता मोठा हॉल नव्हे. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन घ्या. आत्ताची इमारत १९६८ ची, थेट पेन स्टेशनच्या डोक्यावर. तिथे बास्केटबॉलची निक्स आणि आइस हॉकीची रेंजर्स अशा दोन टीम नांदतात. हॉकीच्या मॅचनंतर बर्फ वितळवत नाहीत. त्यावर इन्सुलेशनचे तक्ते टाकतात आणि वर लाकडी कोर्टाचे तुकडे जोडतात. हा सगळा खेळ रातोरात. कॉन्सर्ट असेल तर स्टेज लागतं आणि कित्येक टन दिवे-स्पीकर छताला टांगले जातात, म्हणून छतच मुळात तेवढं वजन धरून डिझाइन करावं लागतं. आपल्याकडचे जुने हॉल इथेच मार खातात.

पण खरी गंमत छतात नाही, कॅलेंडरमध्ये आहे. निक्स आणि रेंजर्स मिळून वर्षातल्या ऐंशीच्या वर रात्री आधीच बुक. म्हणजे सर्व्हरवर कायमचा लोड आहे, कॉन्सर्ट हा वरचा ट्रॅफिक. आपल्याकडे हा कायमचा भाडेकरू कोण? क्रिकेट छताखाली होत नाही. प्रो कबड्डी वर्षातले काही आठवडे. उरलेल्या रात्री कोण भरणार? वर्षातून आठ-दहा परदेशी गायक आले म्हणून एसी आणि देखभालीचं बिल भागत नाही हो.

आणि भाडेकरू असला तरी सगळं गोड होतं असं नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे, कारण तिथल्या किंग्ज टीमचे मालक विवेक रणदिवे. मुंबईत वाढलेले, सॉफ्टवेअरमध्ये पैसा केलेले, म्हणजे आपल्या जातकुळीचे! २०१३ मध्ये किंग्ज सिअॅटलला जाणार असं जवळजवळ ठरलं होतं. रणदिवेंच्या गटाने टीम विकत घेतली आणि नव्या एरिनाच्या बोलीवर ती शहरात राहिली. हा गोल्डन वन सेंटर ४ ऑक्टोबर २०१६ ला पॉल मॅकार्टनीच्या कार्यक्रमाने उघडला. बरोबर तीन वर्षांनी, ४ ऑक्टोबर २०१९ ला, हेच किंग्ज आपल्या वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी खेळले. भारतातली ती पहिली एनबीए मॅच.

ऑनसाइट असताना मी गोल्डन वनमध्ये दोनदा गेलोय. झकास आहे. जुना एरिना गावाबाहेर पार्किंगच्या समुद्रात होता, हा भर डाउनटाउनमध्ये आहे. दर्शनी भागाचे प्रचंड काचेचे दरवाजे उघडले की संध्याकाळचा वारा थेट आत येतो. तक्रारीला जागा नाही.

आता बिल बघा. खर्च साधारण ५५ कोटी डॉलर, त्यातला शहराचा वाटा २५.५ कोटी. तो उभा कसा केला? मुख्यतः शहराच्या पार्किंगच्या उत्पन्नावर कर्जरोखे काढून. एरिनासाठी विक्रीकर वाढवायचा प्रस्ताव सॅक्रामेंटो काउंटीच्या मतदारांनी २००६ मध्ये दणकून पाडला होता. या वेळी मतदान घ्या म्हणून लोकांनी हजारो सह्या गोळा केल्या, तर अर्जांतल्या चुका काढून ते बाद केले गेले. मे २०१४ मध्ये नगर परिषदेने ७ विरुद्ध २ मतांनी करार मंजूर केला. विषय संपला.

मग ११ मार्च २०२० ची रात्र आली. प्रेक्षक खुर्च्यांवर बसलेले असताना किंग्जची मॅच करोनामुळे रद्द झाली. त्यानंतर डाउनटाउन ओस पडलं आणि पार्किंगचं उत्पन्न कोसळलं. रोख्यांचे हप्ते मात्र ओस पडत नसतात.

"पण रोजगार? हॉटेलं? टुरिझम?" रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबलिस्ट या अर्थतज्ज्ञांचं यावर १९९७ सालचं अख्खं पुस्तक आहे. सार साधं आहे. तुम्ही कॉन्सर्टवर पाच हजार उडवलेत, तर त्या महिन्यात सिनेमा आणि हॉटेलावर तेवढे कमी उडवता. पैसा नवा येत नाही, फक्त गल्ला बदलतो. पुढची पंचवीस वर्षं हे मत फारसं बदललेलं नाही. स्टीव्ह बामरने लॉस एंजलिसजवळ २०२४ मध्ये इंट्युइट डोम बांधला तो स्वतःच्या खिशातून, दोन अब्ज डॉलरच्या वर घालून (हजाराहून जास्त टॉयलेट्ससकट, त्याचा त्याला कोण अभिमान!). ज्याला धंदा दिसतो तो पैसे घालतोच की.

आता आपला 'बहुउद्देशीय' बघू. माझ्या भागात एक सरकारी इनडोअर हॉल आहे, नाव देत नाही. पाटीवर 'क्रीडा' लिहिलंय. माझी भाची तिथे बॅडमिंटन शिकते. डिसेंबर ते फेब्रुवारी हॉल प्रदर्शनं, सत्कार आणि स्नेहसंमेलनांना भाड्याने जातो आणि पोरं पार्किंगमध्ये शटल मारतात. हॉल परत मिळतो तेव्हा कोर्टावर खिळे आणि चिकटपट्टीचे डाग. चौकशी केली तर उत्तर, "मॅडम, हॉल मल्टिपर्पज आहे." म्हणजे जो जास्त भाडं देईल त्याचा पर्पज.

वीस हजार खुर्च्यांचा हॉल सरकारी पैशाने झाला, तर हेच वीसपट मोठं होणार. म्हणून उद्या कुठल्याही महापालिकेने असा प्रकल्प आणला, तर इमारतीचं थ्रीडी चित्र नका दाखवू, करार दाखवा. जमीन आमची असेल तर भाडं किती? तोट्याच्या वर्षी पैसे कोण भरणार, ऑपरेटर की मी? वर्षातले किती दिवस शाळा, कबड्डी आणि बॅडमिंटनसाठी राखीव, आणि जास्त भाड्याचं गिऱ्हाईक आलं म्हणून ते रद्द केले तर दंड किती? आणि हो, शेवटची लोकल किती वाजता, तेही त्याच कागदावर लिहा. रात्री अकराला वीस हजार माणसं एकदम रस्त्यावर येतात तेव्हा ओला-उबर काय भाव सांगतात, ते आपल्याला माहीत आहे.