अब्रू कोणाची?



बालपणीच्या अत्याचारांवर लिहिणे म्हणजे घरची लक्तरे वेशीवर टांगणे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मुळीच मान्य नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरादाराने सोसलेला जाच लिहिला, मराठी घरांनी त्या पुस्तकाला मानाने जागा दिली. पत्रकार पिंकी विराणी यांनी २००० साली ‘बिटर चॉकलेट’मध्ये बालपणी स्वतःवर झालेला लैंगिक अत्याचार उघड सांगितला. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आला त्यानंतर, २०१२ मध्ये! असे लेखन वाचून, दोष आपला नव्हता, हे एखाद्या पीडिताला आयुष्यात प्रथमच कळते. सावरण्याची सुरुवात तिथून होते. आमच्या काशीतल्या मराठी घरांतही अब्रूपायी मुलांनाच गप्प केले जाते. वाचकहो, मूल सांगू लागले तर त्याच्यावर विश्वास ठेवा, १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा.

— एक वाचक, अमृतराव घाट, वाराणसी