ओल्या मातीचा काळेपणा

पावसाच्या पहिल्या सरीनंतर शेत काळेंभोर दिसूं लागलें म्हणजे शेतकऱ्याचें मन प्रसन्न होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु या काळेपणावरून ओल किती व जमीन कशी हें ठरविण्याची जी रूढी पडली आहे, ती आमच्या मतें टाकून देण्यासारखी आहे.

पाण्यास स्वतःचा काळा रंग नाहीं. कोरड्या ढेकळांतील कणांच्या फटींत हवा असते. हवेंतून कणांत व कणांतून हवेंत जातांना प्रकाश प्रत्येक वेळीं बराच वळतो आणि थोड्याच खोलीवरून उलट फिरून आपल्या डोळ्यांस पोंचतो. म्हणून ढेकूळ फिकें दिसतें. हवेचा वक्रीभवनांक १, पाण्याचा १.३३ व मातींतील बहुतेक खनिजांचा सुमारें १.५. अर्थात् फटींत पाणी शिरलें कीं प्रकाश फारसा न वळतां पुढें पुढें जातो व वाटेंत कणांकडून शोषला जातो. शिवाय बाहेर निघूं पाहणारा कांहीं प्रकाश वरच्या पाण्याच्या पापुद्र्यावर आपटून पुन्हां आंत येतो. हें कारण स्वीडनचे हवामानशास्त्रज्ञ अँडर्स आँगस्ट्रॉम यांनीं १९२५ सालीं मांडलें. ज्यांस शंका असेल त्यांनीं ढेकळावर गोडें तेल टाकून पाहावें. तेलांत पाण्याचा थेंब नसतो, तरी ढेकूळ काळवंडतेंच!

आतां व्यवहाराकडे वळूं. हा काळेपणा बहुतेक सर्व थोड्या ओलीनेंच येतो. पुढें कितीहि पाणी दिलें तरी रंगांत फारसा फरक पडत नाहीं. उलटपक्षीं वरचा बोटभर थर वाळून पांढुरका झाला, तरी खालीं वीतभर काळी जमीन ओल धरून असते. त्या पांढुरकेपणास भिऊन पाटाचें पाणी सोडणारे बागाईतदार थोडे नाहींत. (पाळी आली असतां पाणी सोडवत नाहीं, हेंहि खरें.) अशा जादा पाण्याचा परिणाम नीरा खोऱ्यांतील खारावलेल्या जमिनींनीं दाखविला आहे, त्यांविषयीं डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं १९१० सालींच लिहिलें होतें.

जमीन विकत घेणारानें ती उन्हाळ्यांत पाहावी. मृद्‌सर्वेक्षक मन्सेलच्या रंगतक्त्याशीं माती ताडतांना ती कोरडी कीं ओली हें नोंदतात. मग पैसे मोजणारानें तेवढेंहि पाहूं नये काय?

पाणी देण्यापूर्वीं मात्र खुरप्यानें वीतभर खालची माती काढावी व अंगठा आणि तर्जनी यांमध्यें दाबावी. काळ्या मातीची लवचिक पट्टी निघत असेल, तर वरचा रंग कसाहि असो, त्या दिवशीं पाणी सोडूं नये.