घरचे सिम फोनमध्येच राहू द्या

मुलाचे बोलावणे येते, व्हिसा मिळतो, मेतकूट-भाजणीच्या पिशव्या बांधून होतात. फोनचा विचार मात्र विमानात बसताना सुचतो. आमच्या परिचयातील एक निवृत्त दांपत्य सुनेच्या बाळंतपणासाठी जर्मनीला गेले, तेव्हा असेच झाले. उतरल्याबरोबर मुलाने वडिलांच्या फोनमधले भारतातले सिम काढून तिथले घातले. काढलेले सिम चष्म्याच्या घरात गेले.

तीन आठवड्यांनी सांगलीहून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. धाकट्या भावाला इस्पितळात हलवले होते, पैसे तातडीने हवे होते. खात्यात पैसे होते, फोनवर बँकेचे अ‍ॅप होते. पण ओटीपी जाणार भारतातल्या क्रमांकावर, आणि नखाएवढे ते सिम कुठे पडले, कोणालाच सांगता येईना. अखेर भावाच्या शेजाऱ्यांनी पैसे भरले. पण थोरला असून वेळेला उपयोगी पडलो नाही, ही टोचणी काकांना लागून राहिली.

गंमत म्हणजे त्यांचा फोन दोन सिमचा होता. दुसरी जागा रिकामीच होती!

परदेशी निघताना दोन सिमची कामे वाटून द्या. घरचे सिम बँकेच्या निरोपांसाठी, तिथले सिम इंटरनेटसाठी. घरचे सिम काढायचे नाही, फक्त त्याचे डेटा रोमिंग बंद ठेवायचे. ते चुकून चालू राहिले, तर बिल पाहून डोळे पांढरे होतात.

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी आपल्या मोबाइल कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. त्याशिवाय तिकडे ओटीपी येणार नाही. बहुतेक कंपन्या येणाऱ्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत, येणाऱ्या कॉलचे मात्र घेतात. दर आधीच विचारून घ्या. प्रीपेड असेल, तर परत येईपर्यंतची वैधता असलेले रिचार्ज करा.

आता फोन तपासा. काही फोनमध्ये दुसऱ्या सिमच्या जागीच मेमरी कार्ड बसते. दोन्ही एकदम राहत नाहीत. तसे असेल, तर कार्डावरचे फोटो आधी उतरवून घ्या. मुलाने परदेशातून पाठवलेला फोन एखाद्या कंपनीशी बांधलेला असू शकतो, त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नाही. नव्या फोनमध्ये ई-सिमची सोय असते. स्टार हॅश शून्य सहा हॅश असे दाबल्यावर ईआयडी नावाचा लांबलचक क्रमांक दिसला, तर ती आहे असे समजा. मग इवलेसे सिम हाताळण्याची कटकटच नाही.

तिकडे सिम घेताना पासपोर्ट जवळ ठेवा. सेटिंगमध्ये मोबाइल डेटासाठी नवे सिम निवडा. एका सिमचा डेटा नसेल तेव्हा आपोआप दुसऱ्याचा वापरण्याची सोय असेल, तर ती बंद करा. व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक बदलायचा का असे विचारील, नाही म्हणा. जुन्याच क्रमांकावर सगळे तुम्हाला गाठू शकतील.

देशोदेशीचे नियमही निराळे. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून रोमिंगचा जादा आकार रद्द झाला आहे. म्हणून जर्मनीत घेतलेले सिम सहसा फ्रान्स-इटलीतही त्याच दरात चालते. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन मात्र युनियनमध्ये नाहीत. तिथे जाण्यापूर्वी चौकशी करा. दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जातात, पण त्यावरून बोलण्यावर निर्बंध आहेत.

एक गोष्ट आवर्जून करा. कोणते सिम कशासाठी आणि सेटिंग कुठे बदलायची, हे घरी असतानाच स्वतःच्या हाताने दोन-तीनदा करून पाहा. कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा. मुलगा-सून प्रेमाने सारे करून देतील. पण ती कामावर गेल्यावर, परक्या घरात, आपला फोन आपल्यालाच चालवता आला पाहिजे. सांगलीहून निरोप कधी येईल, ते काही सांगून येत नाही.