काठाचा रोजमेळ

पावसाळा भरात आला की मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर उसळणाऱ्या लाटांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकू लागतात. हिंगोलीच्या मोंढ्यात गादीवर बसलेल्या व्यापाऱ्याच्या मोबाइलवरही ती दुपारपर्यंत येऊन पोहोचतात. मुंबईचा समुद्र येथून सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटरांवर आहे. त्यामुळे सुट्टीत तेथे गेलेल्या कुटुंबातील प्रत्येकाला लाट टिपण्याचा मोह होतो आणि तो स्वाभाविकच आहे. कठड्यावरून उडालेला पांढरा फवारा, त्याखाली हसणारी मुले, मागे उंच इमारती असे ते छायाचित्र सुंदर असते. परंतु त्यातून लाट किती उंच उडाली एवढेच कळते. तिने काठाचे काय केले, याचा त्यात उल्लेख नसतो.

खरे काम त्या चित्राच्या चौकटीबाहेर चालू असते. मरीन ड्राइव्हच्या कठड्याखाली काँक्रीटचे चार पायांचे अवजड ठोकळे एकमेकांत अडकवून रचलेले आहेत. त्यांना टेट्रापॉड म्हणतात. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील जलशास्त्र प्रयोगशाळेत 1950 मध्ये हा आकार तयार झाला आणि मोरोक्कोतील कॅसाब्लांका येथे त्याचा प्रथम उपयोग करण्यात आला. सपाट भिंतीवर आदळलेली लाट जवळपास तेवढ्याच जोराने परत फिरते आणि जाताना भिंतीच्या पायथ्याची वाळू उपसून नेते. टेट्रापॉडच्या राशीत मात्र ती शेकडो फटींत विभागली जाते. पाणी आत शिरते, वळते, आपल्याच दुसऱ्या प्रवाहावर आपटते आणि त्याचा जोर ओसरतो. ठोकळ्यांचे वजन, रचनेचा उतार आणि फटींचे प्रमाण यांचे गणित अगोदर लहान प्रतिकृतींवर पडताळता येते. 1916 मध्ये स्थापन झालेल्या, पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान संस्थेत अशा प्रतिकृतींवर कृत्रिम लाटा सोडून बंदरांच्या व किनारा-संरक्षणाच्या कामांची परीक्षा घेतली जाते.

तथापि, बांध घातला म्हणजे प्रश्न मिटला असे समुद्राच्या बाबतीत होत नाही. किनाऱ्यावरची वाळू स्थिर नसते. लाटा तिरप्या येतात आणि वाळूला काठाकाठाने पुढे ढकलत नेतात. एका गावापुढून जितकी वाळू जाते तितकी मागून येत राहिली, तर किनारा जागच्या जागी राहतो. मध्येच भिंत किंवा धक्का उभा राहिला, तर एका बाजूस वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा खचू लागतो. व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. एका खात्यावर जमा पडली की दुसऱ्या कोणत्या तरी खात्यावर नावे पडलेली असते. समुद्राच्या वहीतही दुहेरी नोंदच चालते.

या वहीत हिंगोलीचेही खाते आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. समुद्र पाहायचा तर हिंगोलीकर पश्चिमेला जातो. पण हिंगोलीचे पाणी पूर्वेला जाते. कयाधू पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धा नदीत आणि पुढे प्राणहितेच्या रूपाने गोदावरीत पोहोचते. पूर्णा नदी सिद्धेश्वर धरण ओलांडून गोदावरीकडे वळते. जिल्ह्यात पडलेला पाऊस अखेरीस आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळतो. या प्रवासात नुसते पाणी नसते. त्याबरोबर शेतांची आणि डोंगरउतारांची मातीही वाहत जाते. हजारो वर्षे साचलेल्या याच गाळाने गोदावरीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश तयार झाला.

आता तो गाळ वाटेतच थांबतो. धरणाच्या संथ पाण्यात माती तळाशी बसते. सिद्धेश्वर, येलदरी, इसापूर, पैठणचे जायकवाडी, तेलंगणातील श्रीरामसागर अशा अनेक जलाशयांनी शेतीला पाणी दिले, शहरांची तहान भागवली आणि त्याचबरोबर गाळही अडवला. गोदावरीच्या मुखाकडील किनाऱ्याचा काही भाग मागे हटत असल्याचे अभ्यासकांनी नोंदले असून वरच्या अंगास अडलेला गाळ हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. धरणे चुकीची होती, असा याचा अर्थ नव्हे. जमेची बाजू वाचताना नावेची बाजू झाकून ठेवू नये, एवढेच.

ही नावेची बाजू पाहायची असेल, तर काकीनाड्याजवळच्या उप्पाडा गावाचा किनारा पाहावा. कापड व्यवसायातील कुटुंबांना हे नाव परके नाही. उप्पाडा जामदानी साडी याच गावची. तिच्या नाजूक विणकामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मात्र दुकानात ती साडी उलगडून दाखवताना तिच्या गावापुढे समुद्र काय करतो आहे, याची कल्पना विकणाऱ्यालाही नसते आणि घेणाऱ्यालाही नसते. तेथे लाटांनी घरे नेली आहेत आणि काकीनाड्याकडे जाणारा किनारी रस्ता वारंवार तोडला आहे. मोठे दगड टाकून झाले, वाळूने भरलेल्या भक्कम कृत्रिम कापडाच्या नळ्याही काठालगत अंथरून झाल्या. वादळांनी त्यांचीही मोडतोड केली. या धूपेस गाळाची घट हे एकच कारण नाही. बंदराची बांधकामे, किनाऱ्यालगत वाढलेला वाळूचा लांब दांडा आणि चक्रीवादळे यांचाही त्यात वाटा आहे. परंतु ज्या खात्यात अनेकांची नावे असतात, त्यातील आपला हिस्सा लहान आहे म्हणून तो पुसला जात नाही.

येथेच छायाचित्राचे खरे मोल कळते. काठ एका लाटेने खचत नाही. तो वीतभर, हातभर असा वर्षानुवर्षे सरकतो. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तो बदल जाणवत नाही आणि जाणवतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या दोन किनाऱ्यांवर 2017 मध्ये ‘कोस्टस्नॅप’ हा उपक्रम सुरू झाला. किनाऱ्यावर मोबाइल टेकवण्यासाठी एक पक्की धातूची खाच बसवलेली असते. येणारा-जाणारा कोणीही त्यात मोबाइल ठेवतो, छायाचित्र घेतो आणि पाठवतो. जागा तीच, उंची तीच, दिशा तीच. शेकडो अनोळखी माणसांच्या अशा छायाचित्रांवरून किनारा पुढे आला की मागे गेला, हे अभ्यासकांना मोजता येते. पुढे ही पद्धत अनेक देशांनी स्वीकारली.

ही शिस्त व्यापारी घरांना नवी वाटू नये. हळदीच्या पोत्यांची थप्पी एकदा पाहून माल किती खपला हे सांगता येत नाही. त्यासाठी आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक लागते. काठाचेही तसेच आहे. छायाचित्र एकाच जागेवरून घ्यावे आणि ती जागा लिहून ठेवावी. चौकटीत न हलणारी एखादी खूण असावी, जसे की दिव्याचा खांब, पायरी किंवा मंदिराचा चौथरा. तारीख, वेळ आणि समुद्रकाठी असल्यास भरती होती की ओहोटी, याची नोंद करावी. भरतीचे एक आणि ओहोटीचे दुसरे छायाचित्र शेजारी ठेवून किनारा वाढला असे म्हणणे म्हणजे दिवाळीची विक्री श्रावणाच्या विक्रीशी ताडून नफा काढण्यासारखे आहे. रंग गडद करू नयेत, कडा कापू नयेत, मूळ प्रत तशीच जपावी. खाडाखोड केलेली वही जशी पुराव्यास चालत नाही, तसेच हे आहे.

सरावासाठी मुंबई गाठण्याचीही गरज नाही. सिद्धेश्वर किंवा इसापूरच्या विस्तीर्ण जलाशयावर जोराचा वारा सुटला की तेथेही लाटा उठतात. वारा मोकळ्या पाण्यावरून जितका लांब वाहतो, तितकी लाट मोठी होते. मातीच्या धरणाचा पाण्याकडील उतार याच लाटांपासून वाचवण्यासाठी दगडांनी मढवलेला असतो. त्याला पिचिंग म्हणतात. त्या दगडांखाली वाळू-खडीचा थर असतो, म्हणजे परतणारे पाणी आतली माती ओढून नेऊ शकत नाही. धरणाचा माथाही भरलेल्या पाण्याच्या पातळीहून काही मीटर उंच ठेवलेला असतो, तो लाटांचा विचार करूनच. समुद्राचा बांध आणि जिल्ह्यातले धरण ही एकाच शास्त्राची दोन रूपे आहेत. मात्र धरणाच्या भिंतीवर परवानगीवाचून जाऊ नये आणि छायाचित्रणास मनाई असेल तेथे ते करू नये. खुल्या काठावरील एखादी पायरी किंवा जुना घाट वर्षातून चार वेळा टिपला, तरी मुलांना पुष्कळ शिकता येईल.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट जिवाची आहे. मुंबईत साडेचार मीटरांहून उंच भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्यापूर्वीच जाहीर करते. त्या वेळी कठड्यावर उभे राहून पाठीमागे लाट घेऊन छायाचित्र काढणे हे धाडस नव्हे, अविवेक आहे. सर्व लाटा सारख्या नसतात. दहा लहान लाटांनंतर येणारी एखादी मोठी लाट सूचना देऊन येत नाही. टेट्रापॉडवर तर कधीच उतरू नये. त्यांचा पृष्ठभाग शेवाळाने निसरडा असतो आणि ज्या फटी लाटेचा जोर जिरवतात, त्याच फटींत पाय घसरलेला माणूस अडकतो. काठाची नोंद घेण्यास पाण्याजवळ जावेच लागत नाही. उलट, दुरून आणि उंचावरून घेतलेल्या छायाचित्रात काठ अधिक स्पष्ट दिसतो.

उसळत्या लाटेचे छायाचित्र चार जणांना पाठवले जाते आणि आठवड्यात विसरले जाते. तेच कुटुंब दर वर्षी त्याच किनाऱ्यावरील त्याच खांबापाशी थांबून एक साधे, फवारा नसलेले छायाचित्र घेऊ लागले, तर दहा वर्षांनी त्याच्यापाशी दहा पानांची वही तयार होईल. पहिल्या पानावर खांबापुढे किती वाळू होती आणि दहाव्या पानावर किती उरली, हे घरातील लहान मूलही बोट ठेवून सांगेल. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या किर्द-खतावणी जपली गेली, त्या घरांना ही एक वही आणखी जड होऊ नये.