मामाचीही चौकशी करा

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या वॉर्डांत नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींनो, आनुवंशिक आजार आणि प्रतिकारशक्तीचे दोष हे प्रकरण तुम्ही परीक्षेपुरतं पाठ करून सोडता. कृपा करून तसं करू नका. त्याचं एक मोठं उदाहरण आपल्या कोकणातलंच आहे.

१९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट नोंदवला. जग त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतं. नाव मुंबईचं असलं, तरी हा गट असलेली कितीतरी कुटुंबं मूळची कोकणातली. भारतात साधारण १०,००० माणसांत एकाचा हा गट असतो. तो आजार नाही. असा माणूस जन्मभर ठणठणीत राहतो, रक्त लागेपर्यंत.

आपल्या लाल पेशींवर ‘एच’ नावाचा पदार्थ असतो. ए आणि बी त्याच्यावरच घडतात. ओ गटात नुसता एच असतो. बॉम्बे गटात एच तयारच होत नाही, कारण तो घडवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडची, निकामी असतात. नुसत्या नेहमीच्या ग्रुपिंगमध्ये हे रक्त ‘ओ’ दिसतं. मग ओ गटाची पिशवी लागली, की प्रतिकारशक्ती एचला परका समजते आणि आलेल्या पेशी फोडते. थंडी वाजून ताप, कंबरेत कळ, गडद लघवी, घसरता रक्तदाब. म्हणून बाळंतपणात रक्तस्राव होत असला आणि सगळे घाई करत असले, तरी क्रॉसमॅचचा आग्रह धरा. पिशवी कोणतीही असो, पहिली पंधरा मिनिटं रुग्णाजवळून हलू नका. शंका आली की रक्त थांबवा, नवा सेट लावून सलाइन चालू ठेवा, डॉक्टरांना हाक मारा, पिशवी रक्तपेढीत परत पाठवा.

अशा रुग्णासाठी दाता शोधताना सख्ख्या भावंडांपासून सुरुवात करा. आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक भावंडाचा हाच गट असण्याची शक्यता चारात एक. आईवडिलांचं स्वतःचं रक्त मात्र बहुधा चालत नाही. हे ऐकून घरचे चक्रावतात. त्यांना शांतपणे समजावणं तुमचंच काम आहे.

योगायोग असा, की १९५२ मध्येच अमेरिकेत डॉ. ब्रूटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाचा विकार नोंदवला. त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिनच नव्हतं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रतिपिंडंच नव्हती. या विकारातली बाळं पहिले काही महिने आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांवर निभावतात. सहा महिन्यांनंतर न्यूमोनिया, कानातून पू हे चक्र सुरू होतं. याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आई वाहक असली तरी तिला स्वतःला त्रास नसतो. मुलग्याला मात्र आजार होण्याची शक्यता निम्मी. म्हणून अशा बाळाच्या केसपेपरवर आईवडिलांची माहिती पुरत नाही, मामाची लागते. आईचा एखादा भाऊ लहानपणी तापाने, न्यूमोनियाने गेला होता का? आधीचं एखादं मूल गेलं का? दर पावसाळ्यात सर्दी होणारं प्रत्येक मूल असं नसतं, हेही आईला सांगा. पण वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, तर डॉक्टरांच्या कानावर घालाच.

बीसीजी देतानाही हाच प्रश्न विचारा. ती जिवंत जंतूंची लस आहे. प्रतिकारशक्ती जवळपास नसलेल्या बाळाच्या अंगात ती पसरू शकते. घरात पूर्वी तान्ही बाळं संसर्गाने गेली असतील, तर सुई उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा. बाकी सगळ्यांना लस वेळेवर द्या. रक्तगटाचा असो की प्रतिकारशक्तीचा, असा पेच परळला के. ई. एम.च्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेत सोडवता येतो.

एकच विनंती. मामाचा प्रश्न सासूबाई शेजारी उभ्या असताना विचारू नका. ‘दोष हिच्या माहेरचा’ एवढंच ऐकलं जाईल आणि त्या बाईला ते आयुष्यभर ऐकावं लागेल. तिला बाळाचं वजन करायच्या निमित्ताने आत घ्या, बसवा, पाणी द्या आणि मग विचारा.