मैत्रिणींनो, ती ट्यूब खाली ठेवा

चेहऱ्यावर वांगाचे डाग आलेत म्हणून जालन्यातल्या एखाद्या मेडिकलवर जाऊन उभं राहा. काउंटरवरचा पोरगा चेहऱ्याकडे नीट बघतही नाही. मागच्या फळीवरून बोटभर ट्यूब काढतो, ‘रात्री लावा, पंधरा दिवसांत फरक पडतो’ म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. डॉक्टरची चिठ्ठी तो मागत नाही, आपण दाखवत नाही, बिल कुणी फाडत नाही. त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. चिठ्ठीशिवाय ते विकणं हा गुन्हा आहे. तरीही भोकरदन नाक्यापासून अंबड चौफुलीपर्यंत, तिकडे परतूर-मंठ्याच्या बाजारातसुद्धा, हा गुन्हा दिवसाढवळ्या होतो आणि त्याला गुन्हा म्हणणारं कुणी भेटत नाही.

दुकानदारांवर माझा राग आहेच. पण ही ट्यूब उंबरठा ओलांडून घरात येते ती बहुतेक वेळा मैत्रिणीच्या हातून. हे मला मोठ्यानं बोलायचं आहे, कारण ज्या मैत्रिणींबद्दल बोलतेय त्या माझ्याच आहेत आणि त्यांच्याइतकी भली माणसं मला दुसरीकडे भेटलेली नाहीत.

मोतीबागेत सकाळी चालणाऱ्या बायकांचा आमचा गट आहे. त्यात शिक्षिका आहेत, अंगणवाडीताई आहे, कापडाच्या दुकानात बसणारी आहे, रोलिंग मिलमधल्या कामगाराची बायको आहे, सुना आलेल्या दोघी आहेत. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून निघालेला आणि लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवलेला नेम आम्ही पाळतो. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवायचं, मधे काही तोंडात टाकायचं नाही, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. आहारतज्ज्ञांमध्ये यावर वाद आहेत. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये, हेही खरं. पण आमच्यासारख्यांना या नेमाचा मोठा आधार झाला. तो फुकट होता, घरच्या भाकरी-भाजीवर चालणारा होता, आणि एकमेकींना धरून करायचा होता.

हे धरून ठेवणं काय असतं, ते घरात एकटीनं वजन उतरवायला निघालेल्या बाईला विचारा. नवरा म्हणतो, ‘चार दिवसांचं खूळ.’ सासू म्हणते, ‘अंगात रक्त राहायचं नाही.’ जाऊ ताटात जिलबी वाढते आणि ‘एका घासानं काय होतं गं’ म्हणत समोर उभी राहते. अशा वेळी लग्नाच्या मांडवात एक मैत्रीण हात धरून बाहेर नेते, दुसरी जावेला उत्तर देते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणाकडे काय मिळणार हे आधी सांगून ठेवलं जातं. एकीची तीन महिन्यांची साखर उतरली तेव्हा तिचा रिपोर्ट आम्ही सगळ्यांनी हातात घेऊन वाचला. चतुर्थीला राजूरला पायी जाताना जिचे गुडघे दुखायचे, ती आता पुढे चालते. या मैत्रीला मी कधीही कमी लेखणार नाही.

याच बायका बिस्किटाचा पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचतात. मैदा पहिला, साखर दुसरी, असं दुकानात उभ्या राहून मोठ्यानं सांगतात. आणि चेहऱ्याला लावायची ट्यूब मात्र न वाचता एकमेकींच्या पिशवीत सरकवतात. ‘माझ्या बहिणीला फार गुण आला, तू लावून तर बघ.’ अशीच एक ट्यूब आमच्यात हातोहात फिरली आणि एकीच्या बारावीतल्या मुलीपर्यंत गेली. पोरीचा चेहरा आधी खरंच उजळला. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे काही महिन्यांत गालांवर बारीक लाल शिरांची जाळी दिसायला लागली, हनुवटीवर लव आली, मुरमांचे पुंजके उठले, उन्हात पाऊल टाकलं की चेहरा भाजल्यासारखा व्हायचा. ट्यूब बंद केली की आग, लावली की शांत. शेवटी तिला छत्रपती संभाजीनगरला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘कोणती ट्यूब लावत होतीस?’

त्या प्रश्नामागे देशभरचा अनुभव आहे. 2011 मध्ये भारतातल्या 12 केंद्रांवरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते आणि त्यांतल्या 392 जणांना त्याचे दुष्परिणाम झालेले होते. निम्म्याहून अधिक लोकांना ते मलम डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. त्या कुणीतरीमध्ये दुकानदार होते, शेजारी होते, नातेवाईक होते, मैत्रिणी होत्या. म्हणजे आपण.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं पाठ करून ठेवा. इसब किंवा सोरायसिस असलेल्याला, ठरावीक जागी, ठरावीक दिवस ही औषधं मोठा आराम देतात. चेहऱ्यावर लावली की रक्तवाहिन्या आकसतात, लाली ओसरते, रंग तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. म्हणून पंधरा दिवसांत आरसा खूश होतो. त्याच काळात कातडी पातळ होत जाते, आणि सवय लागलेला चेहरा औषध थांबताच पेटून उठतो. बाईला वाटतं, ट्यूब बंद केली म्हणून त्रास झाला. ती परत दुकानात जाते. दुकानदाराला याहून पक्कं गिऱ्हाईक कुठलं मिळणार? वांगासाठी जी तीन औषधांची मिश्र ट्यूब मिळते, तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असतं. ती डॉक्टरांच्या नजरेखाली काही आठवडे वापरायची असते. आपल्याकडे बायका ती पावडरीसारखी वर्षानुवर्षं लावतात.

सरकारनं काय केलं? 1945 च्या औषध नियमांत चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची यादी आहे, तिला शेड्यूल एच म्हणतात. त्यात अंगावर लावायच्या मलमांना सूट होती आणि त्या सुटीतून स्टेरॉइडचा सगळा बाजार वाढला. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं तगादा लावल्यावर मार्च 2018 मध्ये 14 स्टेरॉइड मलमांची ही सूट काढून घेतली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 औषध-मिश्रणांवर बंदी आली. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र कोंबलेली काही मलमंही त्यांत होती. अशा मलमांनी गजकर्ण दाबलं जातं, बरं होत नाही, आणि घरातल्या सगळ्यांना धरतं. कागदावर हे सगळं झालं. आमच्या गल्लीतल्या काउंटरवर त्यातलं काहीच उतरलं नाही. ट्यूबवर चिठ्ठीची सूचना छापलेली असते, पण इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. जाफराबादच्या खेड्यातल्या बाईनं ती वाचावी अशी कंपनीचीही अपेक्षा नाही आणि सरकारचीही नाही. मराठी मुलखात विकल्या जाणाऱ्या औषधावर मराठीत ठळक इशारा का नसावा, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

बिननावाच्या क्रीमचा धोका याहून भयंकर आहे. 2023 च्या जानेवारीत अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी आली. आई आणि दोन मुली उजळ होण्याची क्रीम लावत होत्या, तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही अशाच रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली आहे. चेहऱ्याच्या प्रसाधनात पारा मुद्दाम घालायलाच मनाई आहे, नकळत आलेला असला तरी दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही, असं 2020 चे प्रसाधन नियम सांगतात. आणि इथे ज्यावर बनवणाऱ्याचा पत्ताही नाही अशा डब्या भिशीच्या बैठकीत विकल्या जातात.

आता मानेबद्दल बोलते, कारण डाएट करणाऱ्या बायकांनी तिच्याकडे सगळ्यात आधी बघायला हवं. मानेच्या मागे, काखेत, काळी, जाडसर, मखमलीसारखी कातडी होते. घरात म्हणतात, नीट घासत नाही. पोरी दगडानं घासतात, लिंबू चोळतात, वर ट्यूब लावतात. लिंबू लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि नवे डाग पडतात. ती काळी मान पुष्कळदा रक्तात इन्सुलिन वाढल्याची खूण असते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालंय, पुढे मधुमेह येऊ शकतो, तरुण मुलीत पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर केस असतील तर पीसीओडी तपासायला हवं, असं ती मान सांगत असते. क्रीम लावून ही खूण पुसायची म्हणजे तपासणीची वेळ घालवायची. आमच्या गटातल्या दोघींच्या माना चालण्यानं आणि आवरून जेवण्यानं हळूहळू साफ होत गेल्या. त्यांनी काहीही लावलं नव्हतं. जे काम मैत्रिणींनी मिळून केलं ते कुठल्याही ट्यूबला जमणारं नव्हतं, आणि तरी श्रेय द्यायला आपण ट्यूबच शोधतो.

रंगाचं आपलं वेड याच्या मुळाशी आहे. गोरं करण्याचं आश्वासन देणारी देशातली सगळ्यात गाजलेली क्रीम 1975 मध्ये बाजारात आली, 2020 मध्ये तिचं नाव बदललं, मुलगी बघायला आलेल्यांची नजर तिथेच राहिली. आणि ती नजर आमच्या गटातही शिरली आहे. कुणी पाच किलो उतरवले की आम्ही एका दमात म्हणतो, ‘बारीक झालीस, उजळलीस गं.’ बारीक होण्यामागे कारण आहे. साखर आहे, गुडघे आहेत, रक्तदाब आहे. सावळ्या रंगात बरं करण्यासारखा कोणता आजार आहे? कोणताही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. निम्म्याहून अधिक बायका पांढुरक्या पडत असताना, एखादी फिकी दिसली तर तिला उजळली म्हणून टाळी देणं हा निष्काळजीपणा आहे. तिला हिमोग्लोबिन तपासायला नेलं पाहिजे. भराभर वजन उतरवलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. तिथेही महागड्या तेलाच्या बाटलीआधी ताटात डाळ, अंडं, दही, शेंगदाणे पुरेसे आहेत का ते बघायला हवं.

मेडिकलवर स्वस्त आणि चांगलं काही मिळतच नाही असं मी म्हणत नाही. उलट तिथली सगळ्यात साधी वस्तूच सगळ्यात भल्याची असते. कोरड्या कातडीला व्हॅसलीन किंवा ग्लिसरीन, भेगांना आणि भाजलेल्या हाताला घरोघरी असलेलं कैलास जीवन, घामोळ्यांना कॅलामाइन. कॅलामाइन आणि मुरमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइड ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा स्कूटीवर तोंडाला गच्च बांधलेला सुती स्टोल वांगापासून खरा बचाव करतो. सनस्क्रीन परवडलं तर लावाच. यात कुणाला कमिशन मिळत नाही, म्हणून काउंटरवर याची शिफारस कुणी करत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर कपाटातली ट्यूब काढा आणि बिस्किटाचा पुडा वाचता तशी वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं काही असेल आणि तुम्ही ती कितीतरी महिने लावत असाल, तर एकदम बंद करू नका, चेहरा पेटेल. ट्यूब हातात घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि ती कशी सोडायची ते विचारा. दुसरीला मात्र ती देऊ नका, बहिणीला नाही आणि लेकीला तर नाहीच. मेडिकलवर गेलात तर बिल मागा. जालन्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथे त्वचेच्या तपासणीसाठी बायकांची रांग लागू दे, म्हणजे शहराबाहेर जायचं भाडं नाही म्हणून काउंटरसमोर उभं राहायची वेळ कुणावर येणार नाही. आणि चिठ्ठी न बघता स्टेरॉइड देणाऱ्या दुकानाची तक्रार करा. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक 1800222365 आहे.